मिलीकाकांचं माप

मिलीकाकांच्या काउंटरवर घाई चालत नसे. ताप आलेलं पोर कडेवर घेऊन एखादी आई धापा टाकत आली, तरी तिला आधी परीक्षा द्यावी लागायची.

"किती द्यायचं?"

"एक चमचा."

"घरचा की दारचा? मिली सांगा."

"पाच... मिली."

"दिवसातून?"

"दोनदा."

"हां. आता जा."

मागची रांग चुळबुळायची. कुणीतरी हळूच म्हणायचं, "अहो, औषध देताय की नोकरी?" काका तिकडे ढुंकून पाहत नसत. मूळ नाव काय होतं ते आता दुकानमालकालाही आठवावं लागतं. चौतीस वर्षं त्या एकाच दुकानात, गुडघ्यापर्यंतच्या पांढऱ्या कोटात, आणि जिभेवर मिली. माणूस नाकासमोर चालणारा, पण ते नाक जरा वरच होतं, हेही सांगायला हवं.

अर्थात हे नाक उगाच वर गेलेलं नव्हतं. डॉक्टरांच्या चिठ्ठीत काही वावगं दिसलं की काका सरळ फोन लावायचे. "डॉक्टरसाहेब, हे असंच लिहायचं होतं ना?" चिडणारे डॉक्टर चिडायचे. पण दोन वेळा असं झालं, की पलीकडून आधी शांतता आली आणि मग, "बरं केलंत विचारलंत." एकदा तर त्या चुकीने एका म्हातारीचा जीवच गेला असता. ही गोष्ट काका कुणाला सांगत नसत. म्हणजे महिन्यातून एखाददुसऱ्या वेळीच सांगत.

जी गोष्ट ते खरोखरच कुणाला सांगत नसत, ती वेगळी होती. नोकरीच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षी त्यांनी एका बाईला सर्दीखाजेचं औषध दिलं होतं. जुन्या पद्धतीचं, झोप आणणारं. "एक चमचा द्या," एवढंच सांगितलं. बाईने घरी स्वयंपाकातला वाढायचा मोठा चमचा घेतला, आणि पोराला बरं वाटावं म्हणून दोनदा दिला. पोर झोपलं ते दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत हलवूनही उठेना. काका इस्पितळाच्या व्हरांड्यात बसून होते. पोर उठलं, रडलं, खायला मागायला लागलं. काकांना कुणी बोल लावला नाही. बाईने तर उलट त्यांचीच माफी मागितली. पण त्या दिवसापासून काकांच्या तोंडातून चमचा हा शब्द गेला आणि मिली आला. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. काका पुढची तीस वर्षं पाणीसुद्धा फुंकूनच पीत राहिले.

आणि मग त्यांच्या स्वतःच्या घरात पित्त आलं.

नात आठ वर्षांची. एका जागी पाय ठरत नाही म्हणून तिला भिंगरी म्हणायचे. एके दिवशी शाळेतून आली ती मान खाजवतच. संध्याकाळपर्यंत पाठभर गांधी उठल्या, लालबुंद, फुगलेल्या, कुठे पैशाएवढ्या तर कुठे तळहाताएवढ्या. सकाळी सगळं साफ. दुपारी पुन्हा मांड्यांवर. काहीतरी खाण्यात आलं असेल, जाईल, असं म्हणता म्हणता सहा आठवडे गेले. पित्त काही जाईना. एखाद्या दिवशी पापणी सुजून डोळा बंद व्हायचा, एखाद्या दिवशी वरचा ओठ. शाळेत तिच्याशेजारची मुलगी बाक बदलून बसली. बाईंनीही घरी फोन करून विचारलं, "लागण तर होत नाही ना?" भिंगरी भर उकाड्यात लांब बाह्यांचा सदरा घालून जायला लागली. बाहीच्या आत तिची नखं चालू असायची.

मुलगा, म्हणजे भिंगरीचा बाप, जहाजावर नोकरीला. एकदा गेला की सहा महिने पत्ता नाही. घरात सासरा, सून आणि नात. सून मोठ्या धुलाई कारखान्यात कामाला होती. दिवसभर तापलेल्या रोलरमधून चादरी काढायच्या, टोकाला टोक जुळवायचं, घडी घालायची, पुढची घ्यायची. घरी येईपर्यंत तिच्या हातांना साबणाचा आणि वाफेचा वास चिकटलेला असे. सासरा-सुनेचं बरं होतं. ती त्यांना आबा म्हणायची. घरात औषध हा विषय निघाला की तिचं एकच उत्तर असे, "आबा बघतील." ते खरंही होतं. चौतीस वर्षं ज्याने शेजारच्या चार गल्ल्यांना औषध मोजून दिलं, त्याच्या घरात आणखी कोण मोजणार?

नेहमीच्या डॉक्टरांनी एक पातळ औषध लिहून दिलं. नवीन पद्धतीचं, फारशी झोप न आणणारं, सकाळी अडीच मिली आणि संध्याकाळी अडीच मिली. पुड्यावरही या वयाला तेवढंच छापलेलं होतं. काकांनी ते काटेकोर दिलं. खाज असो नसो, रोज. थोडा फरक पडला, पण थोडाच. तेव्हा डॉक्टरांनी त्वचेच्या मोठ्या डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं.

बाई तरुण होत्या. भिंगरीला त्यांनी आधी तिच्या बुटांबद्दल विचारलं आणि मग पित्ताबद्दल. पाठीवर बोथट पेनाने रेघ ओढली, दोन मिनिटांत ती रेघ दोरीसारखी फुगून वर आली. "हे खाण्यामुळे नाही," त्या सुनेला म्हणाल्या, "लागणही होत नाही. बहुतेक मुलांचं हे वर्ष-दोन वर्षांत आपोआप जातं. तोवर आपण ते दाबून ठेवायचं. औषध तेच, पण आता पाच सकाळी, पाच संध्याकाळी. रोज." आणि काकांच्या हातात एक छापील कागद दिला. रोज किती गांधी, त्याला शून्य ते तीन गुण. किती खाज, त्याला शून्य ते तीन. आठवड्याची बेरीज. जास्तीत जास्त बेचाळीस.

पाच आणि पाच म्हणजे दहा. पुड्यावर दिवसाला पाच. दुप्पट.

दुसऱ्या कुणाच्या चिठ्ठीवर हे दिसलं असतं तर काकांनी तिथल्या तिथे फोन उचलला असता. इथे तर बाई समोरच बसल्या होत्या. विचारायला फोनसुद्धा नको होता. काकांनी विचारलं नाही. का विचारलं नाही, याची त्यांनी पुढे स्वतःला बरीच कारणं दिली. बाई वयाने लहान, सून बसलेली, नात ऐकतेय. ही सगळी सोयीची कारणं झाली. खरं कारण एकच होतं. विचारलं असतं तर बाई म्हणाल्या असत्या, "हो, बरोबर आहे." मग ते द्यावं लागलं असतं.

घरी येऊन त्यांनी बाटली उघडली, बिनसुईची पिचकारी घेतली, पाचच्या रेघेपर्यंत औषध ओढलं आणि थांबले. व्हरांड्यातलं ते बाक त्यांना आठवलं. हलवूनही न उठणारं पोर आठवलं. त्यांनी अंगठ्याने दट्ट्या दाबला आणि अर्धं औषध परत बाटलीत सोडलं.

"घे गं," त्यांनी नातीला हाक मारली. अडीच मिली.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी पाचपर्यंत ओढायचंही सोडलं. एकदा हात आखडता घेतला की तो आपोआप आखडता राहतो. लोकांना उभं करून 'डॉक्टरने सांगितलंय तेवढंच द्यायचं' म्हणून धडे देणारा माणूस हा. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, दुसरं काय म्हणायचं!

कागद मात्र त्यांनी असा भरला की बघत राहावं. रोज सकाळी भिंगरीला खिडकीशी उभी करून चट्टे मोजायचे. खाज किती, ते तिला विचारायचे आणि ती सांगेल तोच आकडा लिहायचे, स्वतःचा नाही. तारखा, वेळा, ओठ सुजला तर त्याची वेगळी खूण. औषधाच्या रकान्यात दोन वेळा बरोबरची खूण. त्या कागदावर एक अक्षर खोटं नव्हतं. किती दिलं, तो रकानाच छापलेला नव्हता. काकांनी स्वतः तो आखला नाही, एवढंच.

बेरीज एकतीस. मग एकोणतीस. मग बत्तीस.

महिन्याने बाईंनी कागद पाहिला. "दुपटीनेही फरक नाही म्हणता?" त्या विचारात पडल्या. "मग आपण दहा-दहा करू. चौपट. घाबरू नका, तज्ज्ञाच्या देखरेखीखाली या औषधाचं असं करतात." सुनेने काकांकडे पाहिलं. काकांनी मान हलवली. या बाई पोरीला मारतात की काय, असं त्यांना खरोखर वाटलं. घरी अडीच-अडीच चालू राहिलं. आपण नातीला वाचवतोय, असा त्यांचा प्रामाणिक समज होता, आणि ही सगळ्यात वाईट गोष्ट होती.

या दोन महिन्यांत सुनेचं काय चाललं होतं, ते त्यांनी पाहिलं होतं, पण त्याचा अर्थ लावला नव्हता. तिने आधी अंडी बंद केली, मग शेंगदाणे, मग दूध. खाण्यामुळे नाही असं डॉक्टरांनी सांगूनही बंद केलं, कारण काहीतरी करायलाच हवं होतं. घरातला साबण तीनदा बदलला. मग तिने स्वतःकडे मोर्चा वळवला. कारखान्यातली पावडर आपल्या कपड्यांतून घरी येत असेल, असं तिच्या मनाने घेतलं. ती तिथेच अंघोळ करून कपडे बदलून यायला लागली. त्यात तिची नेहमीची गाडी चुकायची. घरात आल्यावरही ती भिंगरीपासून हातभर लांब बसायची. पोर गळ्यात पडायला आली की म्हणायची, "थांब गं, आईला हात लावू नकोस." एकदा कांदा चिरता चिरता म्हणाली, "आबा, मी नोकरी सोडू का?" काका म्हणाले, "घाई नको."

तिसऱ्या खेपेला बाईंनी कागद समोर पसरला आणि बराच वेळ पाहिला. बेरीज तीस.

"आजोबा, इतकी व्यवस्थित नोंद मला आजवर कुणी आणून दिली नाही," त्या म्हणाल्या. "त्यामुळे निर्णय घेणं सोपं झालं. चौपट डोस चार आठवडे पूर्ण दिलाय, तरी हे असं. म्हणजे हे औषध हिला लागू पडत नाही. पुढची पायरी घ्यावी लागेल." त्यांनी शांतपणे समजावलं. पुढचं औषध शरीराची प्रतिकारशक्ती दाबणारं. दर महिन्याला रक्त तपासावं लागेल, रक्तदाब, मूत्रपिंडं. चांगलं औषध आहे, पण जपून वापरायचं असतं. "आज रक्त देऊन जा. रिपोर्ट आले की सुरू करू."

सून "बरं" म्हणाली. चिठ्ठी घेतली. काकांना त्या दुसऱ्या औषधाची सगळी माहिती होती. त्याच्या पुड्यातला कागद त्यांनी कित्येकदा वाचला होता, दोन्ही बाजूंनी, बारीक अक्षरांसकट. बोलायला हवं होतं. ते उठले, खुर्ची सरळ केली आणि दोघींच्या मागोमाग बाहेर आले. चौतीस वर्षांत एवढी भित्री चाल कुणी त्यांना चालताना पाहिली नव्हती.

रक्त घ्यायची खोली कोपऱ्यात होती. एक उंच खुर्ची, एक ट्रे, कापसाचे बोळे. रक्त घेणारा माणूस बरा होता, त्याने आधी सुई लपवली. भिंगरीने बाही वर केली. त्याने दंडाला रबरी पट्टा बांधला आणि शीर शोधत थोडा वेळ गेला. पट्टा जरा सरकवला, तर त्याच्या खालची कातडी कड्यासारखी गोल फुगून आलेली.

"अरे बापरे," तो म्हणाला. "औषध घेतेस ना नीट?"

"रोज घेते," भिंगरी म्हणाली. "एकदाही चुकवलं नाही. आजोबांना विचारा. ते औषधाच्याच दुकानात असतात."

"थांबा," काका म्हणाले.

रक्त घेणाऱ्याला वाटलं, म्हाताऱ्याला रक्त बघवत नाही. तो म्हणाला, "आजोबा, तुम्ही बाहेर बसा."

"तसं नाही. रक्त घेऊ नका." मग ते सुनेकडे वळले. "पोरी, मी तिला तेवढं दिलंच नाही."

"काय दिलं नाही?"

"औषध. त्यांनी पाच सांगितलं, दहा सांगितलं. मी अडीचच देत होतो. पुड्यावर छापलंय तेवढं. पहिल्या दिवसापासून."

सुनेला ते लगेच कळलं नाही. ती आधी पट्ट्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "पण तुम्ही तर खुणा करत होतात."

"खुणा खऱ्या आहेत. माप खरं नव्हतं."

"का?"

काकांनी सांगायला सुरुवात केली. झोप आणणारं ते औषध, ती बाई, तो मोठा चमचा, तो व्हरांडा. तीस वर्षांत पहिल्यांदाच सांगत होते आणि नेमकं इथे, कापसाच्या बोळ्यांशेजारी उभं राहून. सुनेने मध्येच हात वर केला.

"मी दोन महिने तिला जवळ घेतलं नाही, आबा," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "माझ्या अंगाला विष आहे असं मला वाटत होतं. मी तुम्हाला विचारलं होतं. नोकरी सोडू का म्हणून विचारलं होतं, आणि तुम्ही ऐकत होतात."

रक्त घेणाऱ्याने पट्टा सोडला आणि उगाच ट्रे आवरायला घेतला.

सूनच त्यांना परत आत घेऊन गेली. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. त्या ओरडल्या असत्या तर काकांना बरं वाटलं असतं. त्यांनी फक्त रक्ताच्या चिठ्ठीवर आडवी रेघ मारली.

"छापलेला आकडा सुरुवात करायला असतो," त्या म्हणाल्या. "रोजच्या पित्ताला तो पुरला नाही, तर आम्ही बघून, तपासून वाढवतो. आपल्या मनाने कुणी वाढवायचा नाही, हे तुम्ही लोकांना सांगता ते बरोबरच आहे. पण मग आपल्या मनाने कमी तरी कसा करता? तुम्ही इतर डॉक्टरांना फोन करता असं ऐकलंय मी."

"करतो."

"मला का नाही केला?"

"तुम्ही हो म्हणाला असतात," काका म्हणाले.

बाईंनी नवीन चिठ्ठी लिहिली. "चौपट नको. आधी दुप्पट. खरंखुरं दुप्पट. झोप फार आली, काहीही वेगळं वाटलं, तर मला फोन. दोन आठवड्यांनी या." चिठ्ठी त्यांनी काकांच्या हातात दिली नाही, सुनेच्या दिली.

पाच सकाळी, पाच संध्याकाळी. पहिल्या आठवड्याची बेरीज एकोणीस. दुसऱ्या आठवड्याची आठ. चौथ्या आठवड्यात सलग पाच दिवस शून्य. भिंगरी जागेपणी भिंगरीच राहिली, वर्गात पेंगली नाही. आखूड बाह्यांचा फ्रॉक घालून शाळेत गेली, तेव्हा कुणी काही म्हटलं नाही, आणि त्याचंच तिला नवल वाटलं. जे चौपटीलाही दाद देत नव्हतं असं कागद सांगत होता, ते दुपटीतच आवरलं. म्हणजे पहिल्याच महिन्यात आवरलं असतं. हा हिशोब मांडायला काकांना कागद लागला नाही.

घरात भांडण झालं नाही. सून त्यांना जेवायला वाढत होती, चहा देत होती, आबा म्हणत होती. जहाजावर फोन झाला तेव्हा तिने नवऱ्याला एवढंच सांगितलं की आता बरं आहे. फक्त औषधाची बाटली स्वयंपाकघरातल्या फळीवरून तिच्या खोलीत गेली. कागदही तीच भरायची, घाईघाईत, वाकड्या अक्षरात. काकांनी ते अक्षर पाहिलं आणि कागद होता तिथे ठेवला. दुकानात ते पूर्वीसारखेच लोकांकडून मिली वदवून घेत, पण रांगेतून कुणी चेष्टा केली की आता ते मान वर करून बघायचे. आपल्याबद्दल काही कळलंय की काय, असं त्यांना वाटायचं.

मग एका शुक्रवारी कारखान्यातला एक रोलर बंद पडला आणि सुनेला थांबावं लागणार होतं. तिने सकाळीच पिचकारी भरून, टोपण लावून फळीवर ठेवली. "आबा, ती शाळेतून आली की एवढं द्या," म्हणाली.

पावणेपाचला भिंगरी आली. दप्तर फेकलं, पाणी प्यायली. काकांनी पिचकारी तिच्यापुढे धरली. आ करून उभं राहायचं, आजोबा औषध तोंडात सोडणार, असं इतके महिने चालत आलेलं. तिने आ केला नाही. तिने पिचकारी त्यांच्या हातातून घेतली, खिडकीशी गेली, एक डोळा मिटून रेघेवर बोट ठेवलं आणि ओठांतल्या ओठांत आकडा वाचला. रागाने नाही. बुटाची नाडी नीट बसलीय का ते बघावं, तितक्या सहज.

काकांना राहवलं नाही. "आईने सांगितलंय का गं, असं बघून घ्यायला?"

"नाही," ती म्हणाली. "मीच बघते." आणि तिने स्वतःच दट्ट्या दाबून औषध घेतलं.